घरात बोलकी, कचेरीत मुकी!

घरात आपल्याला शब्दांची कधी वाण पडते का हो? भाजीवाल्याशी घासाघीस करताना, दूधवाल्याला पाण्याबद्दल विचारताना, मुलाच्या मास्तरांकडे गाऱ्हाणं नेताना आपली जीभ कशी सुरेख चालते! नणंदेच्या लग्नात मानपानाचा पेच पडला की चार वडीलधाऱ्यांमध्ये उभं राहून तो सोडवणारी तुमच्यासारखीच एखादी सून असते. पण हीच सून सोमवारी कचेरीत जाते, साहेब मीटिंगमध्ये विचारतात, "बोला, तुमच्याकडचं काम कुठवर आलं?" आणि हिच्या घशाला कोरड पडते. मग "हो सर, चालू आहे" एवढं चार शब्दांत आटपून ती खाली बसते.

मैत्रिणींनो, हे चित्र ओळखीचं वाटतं ना? मग जरा वेळ काढून याच विषयावर बोलू या.

तुम्ही म्हणाल, "नाही बोललं तर बिघडलं काय? काम तर चोख करते ना मी!" बिघडतं, आणि फार बिघडतं. समजा, एखादी शिक्षिका महिनाभर उन्हातान्हात वस्तीत फिरून शाळा सोडलेल्या मुलींना परत वर्गात आणून बसवते. सभेत मुख्याध्यापक विचारतात तेव्हा ती मान खाली घालते, आणि शेजारचे एक सहकारी उठून "आम्ही या वेळी असा असा प्रयत्न केला" म्हणून सगळं नीट सांगतात. इतिवृत्तात नाव कुणाचं जाणार? पुढच्या वर्षी पर्यवेक्षकपदासाठी आठवण कुणाची होणार? आणि हा प्रश्न फक्त मोठेपणाचा नाही. बचत गटाची अध्यक्षा बँकेच्या साहेबांपुढे गटाचा हिशेब धडपणे सांगू शकली नाही, तर दहा बायकांचं कर्ज अडतं. दवाखान्यातल्या परिचारिकेनं रात्रीच्या रुग्णाची हकीकत पाळी बदलताना स्पष्ट सांगितली नाही, तर माणसाच्या जिवाशी गाठ असते. तेव्हा कामाच्या ठिकाणी बोलणं हा कामाचाच एक भाग आहे, असं आधी मनाशी पक्कं करा.

आणि दुसरी गोष्ट. "माझा स्वभावच अबोल आहे" ही सबब सोडून द्या. तुमची पहिली पोळी आठवते? कुठल्या तरी देशाचा नकाशाच होता ना तो? आज डोळे मिटूनही गोल लाटता. हात वळला तसाच जिभेलाही वळण लागतं. फक्त त्यासाठी रोज थोडं पीठ मळावं लागतं.

कामठीच्या रस्त्यावर

नागपूरहून कन्हानच्या दिशेनं निघालं की दहा मैलांवर कामठी लागते. इंग्रजांनी १८२१ साली इथे लष्करी छावणी वसवली. छावणीबरोबर मद्रासी पलटणी आल्या, उत्तरेकडचे व्यापारी आले, विणकर आले. त्यामुळे या गावात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा भाषा एकाच बाजारात नांदत आल्या. अशा गावातल्या बायकांना खरं तर बोलण्याचं बाळकडूच मिळालेलं असतं. किराणा दुकानात हिंदी, शेजारणीशी मराठी, छावणीतल्या साहेबाच्या घरी आणखी तिसरंच! आणि या भागातल्या स्त्रियांनी बोलण्याच्या जोरावर काय काय मिळवलं, तेही ऐकण्यासारखं आहे.

जाईबाई चौधरी हे नाव तुम्ही ऐकलं आहे का? उमरेडला १८९२ साली जन्मलेली ही बाई. लहानपणी लग्न झालं, घरात गरिबी. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान लोकांची ओझी वाहून नेण्याचं हमालीचं काम त्या करीत. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्या शिकल्या आणि महिना चार रुपयांवर शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाईनं आपल्या मुलांना शिकवावं हे पालकांना रुचलं नाही आणि ती नोकरी गेली. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. पुढे १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. हा अपमान पोटात घालून घरी जाण्याऐवजी नागपुरातल्या त्यांच्या भगिनींनी निषेधाची सभा घेतली. विचार करा, ज्या बाईच्या डोक्यावर एकेकाळी दुसऱ्यांचं सामान होतं, ती पुढे शाळा चालवते आणि तिच्या अपमानाबद्दल बायका जाहीरपणे बोलतात. सगळं कसं? बोलण्याची हिंमत केली म्हणून.

त्याच १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडची जी विधानसभा निवडून आली, तिच्या उपाध्यक्षपदी नागपूरच्या अनसूयाबाई काळे होत्या. समोर बहुतेक पुरुषच, आणि "आता तुमची वेळ संपली, खाली बसा" असं सांगण्याचा अधिकार एका बाईच्या हाती! पुढे १९५२ साली त्या नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या.

आणि जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेली दलित महिला परिषद? अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते, आणि समोर हजारो कष्टकरी बायका बसल्या होत्या. त्या परिषदेत कसे ठराव झाले ते आपण पुढे पाहणारच आहोत, कारण कचेरीत मागणी कशी मांडावी याचा तो वस्तुपाठच आहे.

पहिला शब्द महत्त्वाचा

कामठीचेच बाबू हरदास, म्हणजे लक्ष्मणराव नगराळे यांचे चिरंजीव. जन्म १९०४ चा. विडी कामगारांची संघटना बांधणारे, १९३७ साली नागपूर-कामठी मतदारसंघातून निवडून गेलेले. आणि १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिशीत गेले. "जयभीम" हे अभिवादन रूढ केलं ते त्यांनी. पूर्वी महार समाजातल्या माणसानं दुसऱ्याला "जोहार, मायबाप" म्हणायचं, ते वाकून. एकदा वाकून सुरुवात झाली की पुढचं सगळं बोलणं वाकूनच होणार, नाही का? मुसलमान मंडळी एकमेकांना सलाम करतात आणि दुसरा तितक्याच मानानं उत्तर देतो, हे कामठीत रोज दिसणारं. तसं आपल्या माणसांचंही काही असावं, या विचारातून "जयभीम" आलं असं सांगतात. एक "जयभीम" म्हणतो, दुसराही "जयभीम"च म्हणतो. दोघे एका पातळीवर.

यातून आपण घ्यायचं ते असं, की बोलण्याचा पहिला शब्द आपली पातळी ठरवतो. आता आपल्या सवयी पाहा. मीटिंगमध्ये उभं राहून आपण सुरुवात कशी करतो? "मला फारसं काही कळत नाही, पण…" "माझं चुकत असेल, तरी…" "एक छोटंसंच होतं, बोलू का?" अहो, तुम्हीच "छोटंसं" म्हटलंत तर ऐकणाऱ्यानं ते मोठं का मानावं? हे आजच्या काळातलं "जोहार मायबाप"च झालं.

त्याऐवजी काय म्हणावं? नमस्कार करावा, समोरच्याकडे पाहावं आणि सरळ विषयावर यावं. "नमस्कार. सातवी ब च्या हजेरीबद्दल मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत." बस्स. यात उर्मटपणा कुठे आहे? विनय आणि लाचारी यांत आपल्या घरात आपण बरोबर फरक करतो. सासूबाईंना नमस्कार करतो, पण भाजीत मीठ कमी आहे हेही सांगतोच की! तोच फरक कचेरीतही ठेवायचा. साहेबांना "सर" म्हणा, वयानं मोठ्या बाईंना "ताई" किंवा "मॅडम" म्हणा, पण क्षमा मागत बोलू नका. चूक झाली तर क्षमा मागावी. तोंड उघडलं म्हणून नव्हे.

आपल्या बोलीची लाज कशाला?

आमच्या विदर्भातल्या बायकांची एक खास अडचण असते. पुण्या-मुंबईचे साहेब आले की त्या एकदम गप्प होतात. का? तर "माझं मराठी शुद्ध नाही." आपण "मी काम करून राहिली" म्हणतो, "काहून?" विचारतो, "मी गेली होती" म्हणतो, पुस्तकात "मी करते आहे", "का?", "मी गेले होते" असं असतं. कुणी एकदा ओठ मुडपून हसलं की ती बाई पुन्हा म्हणून तोंड उघडत नाही.

मैत्रिणींनो, गाडगे महाराज कुठल्या भाषेत कीर्तन करीत? आपल्या वऱ्हाडी बोलीत. पुस्तकी शब्दांची आरास नाही, समोरच्यांना साधे प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचं. अवघ्या महाराष्ट्रानं ते मन लावून ऐकलं. बोली अडली नाही, कारण सांगायचं काय ते पक्कं होतं. तेव्हा "काहून" तोंडातून निघालं तर मध्येच थांबून जीभ चावू नका. ऐकणाऱ्याचं त्याकडे लक्षही नसतं. तुम्ही थांबता म्हणून ते जातं.

मात्र दोन पथ्यं पाळा. पहिलं, अर्ज, अहवाल, इतिवृत्त लिहिताना प्रमाण मराठी वापरा; कारण कागद दूरवर जातो आणि तिथे तो समजून सांगायला तुम्ही नसता. दुसरं, ऐकणारा कोण आहे हे पाहून भाषा निवडा. खिडकीशी आलेली म्हातारी हिंदी बोलत असेल तर तिच्याशी हिंदीतच बोला. तिथे मराठीचा किंवा इंग्रजीचा हट्ट नको. आणि इंग्रजीची भीती वाटते म्हणून मराठीत सांगण्यासारखं असेल तेही न सांगणं, हा तर स्वतःवर अन्यायच. सभेचं कामकाज इंग्रजीत असेल तर तुमच्या विषयातले आठ-दहा नेमके इंग्रजी शब्द पाठ करून ठेवा आणि बाकीचं "मी हे मराठीत सांगते" असं म्हणून मराठीत सांगा. नव्वद टक्के ठिकाणी कुणी हरकत घेत नाही.

आवाज, श्वास आणि थांबणं

"उभी राहिली की माझे पाय लटपटतात, आवाज थरथरतो, तोंड कोरडं पडतं" असं सांगणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. यात तुमचा काही दोष नाही. धोका दिसला की शरीर आपोआप सज्ज होतं. छातीत धडधडतं, श्वास वर-वर चालतो, तोंडातली लाळ कमी होते. समोर वाघ आहे की साहेब, हे बिचाऱ्या शरीराला कुठे कळतं? यावर सोपा उपाय म्हणजे श्वास. उठायच्या आधी खुर्चीत बसल्या-बसल्याच चार वेळा श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळूहळू सोडा. धडधड कमी झाल्याचं तुमचं तुम्हालाच जाणवेल. पाण्याची बाटली जवळ ठेवा, विशेषतः आपल्याकडच्या मे महिन्यात. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवून उभ्या राहा. पदराच्या टोकाशी, मंगळसूत्राशी, पेनच्या टोपणाशी हातांना खेळू देऊ नका; त्यांना कामाचा कागद द्या.

आता आवाजाबद्दल. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे आणि एन.सी.सी.ची अधिकारी प्रशिक्षण संस्थाही आहे. देशभरातले शाळा-कॉलेजांतले शिक्षक तिथे शिकायला येतात. मुलींच्या विभागाच्या शिक्षिकांसाठी अशीच संस्था ग्वाल्हेरला आहे. फळ्यापाशी बोलण्याची सवय असलेल्या या शिक्षकांना मैदानावर हुकूम देणं मात्र नव्यानं शिकावं लागतं. कवायतीचा हुकूम कधी लक्ष देऊन ऐकलात? "परेड…" एवढं म्हणून हुकूम देणारा थांबतो, आणि मग म्हणतो, "सावधान!" हुकमाचे असे दोन भाग असतात. पहिल्यानं माणसाचं लक्ष वेधायचं, दुसऱ्यानं काम करवून घ्यायचं, आणि मधली ती थांबण्याची जागा सगळ्यांत मोलाची. ती नसेल तर शंभर पाय शंभर वेळा आपटतील.

आपलं काय होतं? "लवकर संपवू एकदाचं" म्हणून आपण आगगाडीसारख्या धावतो. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे गेलात की ऐकणाऱ्याला तुमच्यामागे धावावं लागतं, आणि तो बिचारा दुसऱ्याच स्टेशनवर उतरून जातो. तेव्हा महत्त्वाच्या आकड्याआधी एक क्षण थांबा, आकडा सांगा, पुन्हा एक क्षण थांबा. तो थांबलेला क्षण तुम्हाला युगासारखा वाटेल. ऐकणाऱ्याला तो जाणवतही नाही, पण आकडा मात्र लक्षात राहतो.

आवाज मोठा करणं म्हणजे ओरडणं नव्हे. घशातून ताण देऊन बोललात तर तासाभरात आवाज बसतो; शिक्षिकांना हा अनुभव नेहमीचा. पोटापर्यंत श्वास भरून, तोंड पुरेसं उघडून, शेवटच्या रांगेतल्या माणसाला सांगतो आहोत असं समजून बोला. आणि वाक्याचं शेपूट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे लक्षात ठेवा. "हा प्रस्ताव आम्हाला मान्य…" इथे आवाज बुडाला तर "आहे" की "नाही", ऐकणाऱ्यानं समजायचं काय?

मांडणी: आधी पान वाढा, मग जेवायला बोलवा

बोलायचं काय, याची तयारी नसेल तर नुसता आवाज काय कामाचा? आपल्या कीर्तनकारांची पद्धत पाहा. पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात एखादं आख्यान सांगून तो लोकांच्या गळी उतरवायचा. कामाच्या बोलण्यालाही हेच लागू. आधी मुद्दा, मग त्याचं उदाहरण, आणि शेवटी "आता आपण हे करावं" अशी विनंती. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. कथा आधी सुरू करतो, "काय झालं ना सर, त्या दिवशी पाऊस होता, आणि शिपाई आला नव्हता…" आणि मुद्दा येईतो साहेबांचा फोन वाजतो.

पाठ केलेलं भाषण म्हणू नका. एक ओळ विसरली की सगळी माळ तुटते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन मुद्दे ठळक अक्षरांत लिहा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू द्या. सुरुवात चांगली झाली की धीर येतो, आणि शेवट पक्का असला की "एवढंच होतं माझं… आणखी काय बरं…" असं घुटमळावं लागत नाही.

आता १९४२ च्या त्या परिषदेकडे वळू. गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायकांसाठी तिथे ठराव झाला, तो कसा होता? "आमचे हाल होतात, सरकारनं लक्ष घालावं" असा नव्हता. वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, आणि २० वर्षं नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये निवृत्तिवेतन. शिवाय बायका काम करतात त्या खात्यांवर देखरेखीसाठी बाईच नेमावी! पाहिलंत? किती दिवस, किती रुपये, किती वर्षांनी, सगळं ठरलेलं. अशा मागणीला "बरं, बघू" म्हणून वाटेला लावता येत नाही. हो म्हणावं लागतं, किंवा नाही म्हणण्याचं कारण द्यावं लागतं.

तेव्हा "सर, कामाचा फार ताण पडतो" असं म्हणण्याऐवजी म्हणा, "सर, मार्चमध्ये माझ्या टेबलावर रोज साठ अर्ज येतात. एकीनं चाळीस होतात. महिनाभर दुपारी दोन तास मदतीला एक माणूस मिळावा." ही तक्रार वाटत नाही, कामाची गोष्ट वाटते. आणि हे आकडे मिळवायला लांब जायला नको. दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर मांडणाऱ्या आपण, कामाचाही एका वहीत मांडून ठेवायचा.

पडद्यावर दाखवायचं असेल तर

हल्ली बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर तक्ते करून पडद्यावर दाखवावे लागतात. हे नवं वाटलं तरी घाबरण्यासारखं नाही. रांगोळीत जशी मोकळी जागा लागते, तशी पडद्यावरही लागते. एका पानावर एकच मुद्दा, पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको, आणि अक्षर एवढं मोठं की शेवटच्या रांगेतल्या चष्मेवाल्या काकांनाही वाचता यावं. पडद्याकडे तोंड करून लिहिलेलं वाचत बसू नका. वाचता सगळ्यांनाच येतं. पडद्यावर आकडा असू द्या, त्याचा अर्थ तुम्ही सांगा. वीज जाण्याची शक्यता आपल्याकडे कधी नसते? म्हणून सगळ्या पानांची छापील प्रत पिशवीत असावी. मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कधी कधी चौकोन होऊन बसतात, तेव्हा अर्धा तास आधी जाऊन एकदा उघडून पाहा. पाहुणे यायच्या आधी आपण कुकरची शिट्टी तपासतो ना, तसंच हे.

घरून मोबाइलवर मीटिंग करावी लागली तर फोन डब्यांच्या उतरंडीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, उजेड पाठीमागून नको, समोरून येऊ द्या. आणि वीस मिनिटांसाठी तरी स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. "माझी मीटिंग आहे, तेवढा वेळ दूध तुम्ही बघा" हे यजमानांना सांगणं, हाही बोलण्याचा सरावच समजा.

कुणी मध्येच तोडलं तर?

हे तर नेहमीचंच. तुम्ही दोन वाक्यं बोलता न बोलता तोच कुणी तरी "म्हणजे त्यांना असं म्हणायचंय…" करून तुमचं बोलणं आपल्या ताब्यात घेतो. अशा वेळी चिडून गप्प बसू नका आणि भांडूही नका. हात किंचित वर करा, आवाज न चढवता म्हणा, "माझं एक वाक्य राहिलंय, ते पुरं करते." आणि खरंच पुरं करा. असं दोन-तीनदा झालं की लोकांनाही सवय लागते.

तुमचं काम दुसऱ्यानं आपल्या नावावर सांगितलं, तर तिथल्या तिथे, हसतमुखानं, "बरोबर आहे. ही यादी मी जानेवारीत केली होती, त्यात आणखी एक गोष्ट आहे" असं म्हणून पुढचं सांगा. तक्रारही झाली नाही आणि नोंदही झाली. आणि हो, आपणही एकमेकींना हात द्यायला हवा. शेजारच्या मैत्रिणीचा मुद्दा हरवतो आहे असं दिसलं, तर "मघाशी या ताई जे सांगत होत्या, ते पुरं ऐकू या" एवढं म्हणायला काय लागतं? उद्या ती तुमच्यासाठी म्हणेल.

भिशीतच करा तालीम

सराव कुठे करायचा? अहो, भिशी आहे की! अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेली टोस्टमास्टर्स नावाची संस्था आज जगभर हेच करते. लोक ठराविक दिवशी जमतात, आळीपाळीनं बोलतात आणि एकमेकांना सुधारणा सांगतात. या संस्थेतही १९७३ पर्यंत बायकांना सभासद होता येत नव्हतं, बरं का! त्यांची पद्धत आपल्या भिशीत सहज बसते. दर वेळी दोघींनी तीन-तीन मिनिटं बोलायचं. एकीनं घड्याळ धरायचं. एकीनं "म्हणजे", "काय आहे ना", "ते हे" किती वेळा आलं ते मोजायचं. आणि एकीनं शेवटी सांगायचं, आधी काय आवडलं, मग एकच सुधारणा. टिंगल अजिबात नाही. विषय कुठलेही घ्या: नळाची वेळ, शाळेची फी, कूलरची निगा. पोहे गार व्हायच्या आत कार्यक्रम आटोपतो!

ज्यांना भिशी नाही त्यांनी मोबाइलवर आपलं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकावं. पहिल्यांदा आपलाच आवाज परका वाटतो, ओशाळल्यासारखं होतं. ते सगळ्यांनाच होतं, कारण स्वतःचा आवाज आपल्याला एरवी हाडांमधूनही ऐकू येतो आणि यंत्रातून फक्त बाहेरचा. तिसऱ्या दिवशी त्याची सवय होते आणि चुका दिसू लागतात.

२०११ पासून महाराष्ट्रातल्या नगरपालिका आणि पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत. खुर्ची मिळाली आहे. पण खुर्चीवर बसलेली बाई बोलली नाही, तर तिच्यातर्फे बोलायला तिचे यजमान तयारच असतात. कचेरीचंही तेच. म्हणून या आठवड्यापुरतं एवढंच ठरवा. सोमवारी तीन मुद्दे कागदावर लिहा. मंगळवार ते गुरुवार, कणीक मळताना ते मोठ्यानं म्हणा. शुक्रवारी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सांगा. आणि शनिवारी, किंवा पुढच्या मीटिंगला, साहेबांनी विचारायची वाट न बघता हात वर करा.

मुलं हसतील, सासूबाई विचारतील, "कुणाशी बोलून राहिली गं?" खुशाल सांगा, "साहेबांशी!"